टॅक्सवाल्याचा छंद

दुम्यात या फर्निचर बनवणाऱ्यांच्या गावात लाकूड कातणं हा धंदा आहे, वारसा आहे, खोकल्याचं कारण आहे आणि सोयरीक जुळवताना विचारायचा प्रश्नही आहे. छंद मात्र ते कधीच नव्हतं. ज्या गावात सकाळी खिडकी उघडली की छातीत आधी भुसा जातो आणि मग हवा, त्या गावात कर कचेरीत कायम नोकरीला असलेल्या, शिकल्यासवरल्या माणसाने उठून "मी लाकूड कातायला शिकतोय, हौस म्हणून" असं म्हणणं म्हणजे कोळीवाड्यात जाऊन "मला जरा माशांचा वास घ्यायचाय" म्हणण्यासारखं होतं.

वगदी तसं म्हणाला. पण रागाच्या भरात म्हणाला, हे आधी सांगायला हवं. राग सासूबाईंचा होता, म्हणजे तो सरळ बाहेर काढायची सोय नव्हती.

त्याच्या बायकोला, रीहामला, तेव्हा सातवा महिना लागला होता. पायांना सूज आली होती म्हणून टबात कोमट पाणी घेऊन ती त्यात पाय सोडून बसली होती, आणि तिची आई, इन्आमबाई, फोन जावयाच्या नाकाला लावून उभ्या होत्या.

"हा बघ. माझ्या भावाच्या दुकानातला. बाळासाठी सांगून ठेवलाय मी."

फोटोत पलंग होता. म्हणजे आत कुठेतरी असावा. डोक्याशी सोनेरी मुकुट, पायाशी माना वळवलेले दोन हंस, चारी कोपऱ्यांवर कोबीच्या गड्ड्याएवढे गुलाब, आणि या सगळ्यावर मुलामा इतका की फोटोकडे बघतानासुद्धा डोळे बारीक करावे लागत होते.

"आई, यात बाळ कुठे ठेवायचं?" वगदीने विचारलं.

"हंसांच्या मधे."

"आणि आम्ही कुठे झोपायचं? खोली केवढी, हा केवढा!"

"तुम्ही झोपणारच नाही आहात, बाळा," सासूबाई मायेने म्हणाल्या. "मूल झाल्यावर कोण झोपतं?"

आता, गेले काही महिने वगदी रोज संध्याकाळी फोनवर एक परदेशी म्हातारा बघत असे. पांढरी दाढी, कातड्याचा एप्रन, समोर फिरणारं लाकूड. म्हातारा पटाशी टेकवायचा आणि लाकडाच्या फिती निघायच्या, लांबच लांब, लग्नातल्या सजावटीसारख्या. दिवसभर लोकांच्या खोट्या जमाखर्चाकडे बघून आलेल्या वगदीला ते बघून फार शांत वाटायचं. कचेरीत सगळंच वाकडं. इथे निदान एक गोष्ट गोल होत होती.

तेव्हा तो म्हणाला, "साधा कठड्याचा पलंग हवा. एक चौकट आणि चोवीस गोल दांडे. दांड्यांना काय लागतं? मीच करतो. हल्ली लोक छंद म्हणून करतात."

टबातलं पाणी हललं. रीहामने पाय वर घेतले होते.

इन्आमबाईंनी फोन पर्समध्ये टाकला, पर्सची कडी लावली आणि मग बोलल्या. "ठीक आहे. जन्मानंतर सातव्या दिवशी बाळाला चाळणीत घालून हलवतात, आणि तिथून उचललं की थेट पलंगात निजवतात. त्या घटकेला तुझा पलंग उभा असला तर माझा मी परत नेईन, आणि पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नसला, तर हंस आत येतील."

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि हंस एकदा आत आले की जात नाहीत, जावईबापू."

यातली धमकी वगदीला बरोबर कळली. मुलीच्या लग्नात सासूबाईंनी एक आरसा दिला होता. त्याबद्दल चार वर्षं तो दर ईदला आभार मानत होता. मुकुटवाल्या पलंगाचे आभार मानायला एक जन्म पुरला नसता.

*

यंत्राला पैसे रीहामनेच दिले. तिची भिशी नुकतीच लागली होती, आणि त्यातून आपोआप कपडे धुणारं यंत्र यायचं ठरलेलं होतं. "यंत्रच यायचंय ना घरात?" ती म्हणाली. "कपडे पिळणारं नाही तर लाकूड सोलणारं." असं म्हणून तिने हसून नवऱ्याच्या हातात पाकीट ठेवलं आणि मग न्हाणीघरात जाऊन थोडा वेळ कपड्यांच्या ढिगाकडे बघत उभी राहिली. वगदीने ते पाहिलं. म्हणून मग माघार घेणं अधिकच अशक्य झालं.

जुना लेथ एका बंद पडलेल्या कारखान्यातून मिळाला. त्याला मोटर वेगळी घ्यावी लागली. मोटरला पट्टा. पट्ट्याला लोखंडी बैठक. पटाश्या घेतल्या तर त्या बोथट निघाल्या, म्हणून धार लावायचं चाक. चाकाला पुन्हा मोटर. हौस ही बोक्यासारखी असते, असं वगदीच्या लक्षात आलं. एक पाळला की त्याचे पाहुणे येतात.

पण खरा खर्च वेगळाच होता. दुम्यातमध्ये पक्कं बिल कोणी देत नाही, आणि मागितलंच तर दुकानदार आपल्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसा बघतो. वगदीला मात्र न मागता बिलं मिळू लागली. बीच झाडाचं लाकूड घ्यायला गेला, तर लाकूडवाला उठून उभा राहिला, शर्टाची बटणं लावली, कुठून तरी कोरं बिलबुक शोधून काढलं, त्यावरची धूळ झटकली आणि लाकडाची पूर्ण किंमत, त्यावरचा कर, सही, शिक्का, सगळं करून दोन्ही हातांनी वगदीला दिलं.

"अहो, जरा कमी करा की. गल्लीतले लोक याच्या निम्म्याने नेतात."

"कोण?" लाकूडवाला दचकून म्हणाला. "आमच्याकडून? कधीच नाही, साहेब!"

सँडपेपरला बिल. खिळ्यांना बिल. चहा पाजला त्याचंसुद्धा एकाने बिल दिलं. अख्ख्या दुम्यातच्या इतिहासात लाकूडकामावर शेवटच्या पैशापर्यंत कर भरणारा वगदी हा पहिला माणूस असावा. त्याला याचा अभिमान वाटायला हवा होता. रडू येत होतं.

*

इकडे गल्लीत काय चाललं होतं, ते वगदीला फार उशिरा कळलं. आपण आधी ऐकून घ्यायला हरकत नाही.

त्याच्या घरासमोर उस्ता, म्हणजे मिस्त्री, मुतवल्लीचा कारखाना. खुर्च्यांचे पाय करण्यात मुतवल्लीचा हात धरणारा कोणी नाही, असं मुतवल्ली स्वतः सांगायचा. त्याच्या शेजारी उस्ता अश्मावी, जिन्याचे कठडे करणारा. दोघांचं एकमेकांशी वर्षानुवर्षं वाकडं. वगदीच्या बाल्कनीत लेथ चढवलेला दिसला त्या दिवशी दोघे पहिल्यांदा एका टेबलावर चहा प्यायले.

"छंद म्हणे," अश्मावी म्हणाला.

"टॅक्सवाल्याला छंद?" मुतवल्लीने चहात साखर ढवळली. "अरे, कावळ्याने गाणं शिकतो म्हटलं तर आपण ऐकून घेऊ. हा कशाला शिकतोय, सांगू? एक माणूस दिवसाला किती दांडे काढतो, ते याला हवंय. स्वतः कातून बघणार, आकडा काढणार, आणि त्या आकड्याने आपल्याला गुणणार."

अश्मावीने पेला खाली ठेवला. "मग?"

"मग काय! शिकवू की त्याला. चांगलं शिकवू."

दुसऱ्या दिवशी दोघे आपणहून वगदीच्या बाल्कनीखाली येऊन उभे राहिले. वगदीला भरून आलं. शेजारी असावेत तर असे!

"लाकूड आणल्या आणल्या हात लावायचा नाही, साहेब," मुतवल्ली खालून ओरडला. "आठवडाभर घरात नुसतं ठेवायचं. ते दूरदेशाहून आलेलं असतं, घाबरलेलं असतं. शांत होऊ द्यायचं."

"आणि पटाशीला धार लावायची म्हणजे दिवस मोडायचा," अश्मावी म्हणाला. "घाई केली तर धार रुसते."

"एक दांडा झाला की मोटरला विश्रांती. तिलाही जीव असतो."

"तुम्ही स्वतः दिवसाला किती करता?" वगदीने कळवळून विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एक," मुतवल्ली म्हणाला.

"तोही थंडीच्या दिवसांत," अश्मावीने खोल उसासा टाकला.

वगदी सकाळी कचेरीला निघाला की गल्लीतले सगळे लेथ बंद पडत. माणसं दारात बसून कमरेवर हात ठेवत, कण्हत, आभाळाकडे बघत. संध्याकाळी तो परत येई तेव्हाही तेच. बिचारे, त्याला वाटे, काय यांचं आयुष्य! आपण यांच्याकडून कर घेतो! रोज संध्याकाळी खुर्च्यांनी भरलेले ट्रक याच गल्लीतून बाहेर पडताना त्याला दिसत, पण तो जुना साठा असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली.

*

सांगितलं तसं त्याने सगळं केलं. लाकूड आठवडाभर शांत होऊ दिलं. धार रुसू नये म्हणून हळूहळू लावली. मग एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, रीहाम आतून टाळ्या वाजवत असताना त्याने लेथ सुरू केला.

पहिला दांडा यंत्रातून सुटला आणि बाल्कनीच्या बाहेर गेला. नेमक्या त्याच क्षणी वरच्या मजल्यावरच्या, हज करून आलेल्या हज्जा फिक्रिया आपली टोपली दोरीने वर ओढत होत्या. टोपलीत अंडी होती.

दोरी थांबली. वरून एक डोकं टोपलीकडे वाकलं. मग हज्जाने विचारलं, "वगदी, हे यंत्र तू अंडी फोडायला आणलंयस का रे? मला सांगायचंस, माझ्याकडे चमचा आहे."

दुसरा दांडा मधोमध तुटला. तिसरा कातता कातता इतका बारीक झाला की रीहामने तो केसांच्या अंबाड्यात खोचून बघितला. चौथा मात्र खरंच दांडा झाला. एका टोकाला काकडी, दुसऱ्याला वांगं, पण एकसंध. वगदी तो घेऊन घरभर फिरला. मोटर विश्रांती घेत होती, त्यामुळे वेळ भरपूर होता.

भुसा मात्र विश्रांती घेत नव्हता. तो वाळत घातलेल्या कपड्यांवर बसला, भातात उतरला, उशीत शिरला. वगदीच्या अंगठ्याला पट्टी, तर्जनीला पट्टी, कपाळाला पट्टी. कचेरीत लोक विचारत, "घरी सगळं ठीक ना?" आणि तो "छंद!" म्हणाला की सहानुभूतीने मान हलवत, जणू त्यांना बायकोचं दुसरं नाव कळलं होतं.

रीहाम तयार दांडे पलंगावर ओळीने मांडून ठेवी. एकाचीही उंची दुसऱ्याशी जुळत नव्हती. "हा तुझ्या काकांसारखा दिसतो," ती म्हणे. "हा पोट सुटलेला." ती आधी हसे, मग पोटावर हात ठेवी. "वगदी, यंत्र चालू झालं ना, की आतून लाथ येते. तुला खोटं वाटेल. बरोबर पट्टा फिरायला लागला की."

"आवडत नसेल."

"तुझ्यावर गेलं असेल तर नाचत असेल."

असं असताना माणसाने हंसांना आत कसं येऊ द्यायचं?

*

मग कचेरीत तक्रार आली. निनावी.

वगदीचे वरिष्ठ अबुल-वफासाहेब यांनी त्याला बोलावलं. "बाल्कनीत विनापरवाना कारखाना चालवल्याची तक्रार आहे. गल्ली तुझ्या विभागातली आहे. बघून ये."

वगदीने पत्ता वाचला. पुन्हा वाचला. "साहेब, हे माझंच घर आहे."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "नातेवाइकाची तपासणी करता येत नाही. चौथ्या नात्यापर्यंत मनाई आहे."

"पण हा नातेवाईक नाही. हा मी आहे."

"तू स्वतःच्या नात्यात कितवा लागतोस?"

वगदीने विचार केला. "लागत नसेन, साहेब."

"मग मनाई नाही. जा."

भर दुपारी फाईल काखेत घेऊन वगदी स्वतःच्या दारापुढे उभा राहिला. किल्ली खिशात होती, पण सरकारी कामाला आपल्या किल्लीने आत जाणं त्याला प्रशस्त वाटेना. त्याने घंटी वाजवली.

"किल्ली विसरलास?" रीहाम म्हणाली.

"मी कचेरीतर्फे आलोय. तपासणी आहे."

रीहामने त्याला खालून वर बघितलं. "सरकारला म्हणावं, येताना पाव आणायला सांगितले होते, ते कुठायत?"

त्याने अहवाल लिहिला. मालक हजर होता. मालकाने चहा देऊ केला, तो नियमानुसार नाकारला. (कामाची वेळ संपल्यावर मालक या नात्याने प्यायला, हे त्याने लिहिलं नाही.) उत्पादन: अकरा दांडे. विक्री: नाही. व्यवसायाचा प्रकार: छंद.

"छंद म्हणजे कसला व्यवसाय?" अबुल-वफासाहेबांनी विचारलं.

"ज्यात पैसे फक्त जातात, साहेब."

"तो संसार." साहेबांनी अहवाल मिटला आणि मग अचानक त्यांचे डोळे चमकले. "थांब. यंदा कातारी लोकांचा कर नव्याने ठरवायचाय. एक माणूस दिवसाला किती काम काढतो, हे या कचेरीत एकालाही ठाऊक नाही. तुला आता हातातलं ज्ञान आहे! बाळाच्या सातव्याला मी येतोच. तो पलंग बघतो, किती वेळ लागला ते तू सांग, आणि तिथेच आपण आकडा ठरवू."

तक्रार गल्लीनेच केली होती, हे सांगायला नको. वगदी हेर नसून खरंच चोरून कातत असेल, तर त्याला पकडायला कचेरीतून दुसरा कोणीतरी येईल, असा मुतवल्लीचा हिशोब होता. त्याऐवजी वगदी स्वतःच फाईल घेऊन आला आणि त्याने स्वतःच्याच दाराची घंटी वाजवली, हे समोरून दहा जणांनी बघितलं.

"आता तरी पटलं?" मुतवल्ली म्हणाला. "पक्का हेर आहे. घरातसुद्धा ड्यूटीवर असतो."

आणि साहेब सातव्याला आकडा ठरवायला येणार, ही बातमी कचेरीतल्या चहावाल्याने गल्लीत पोचवली तेव्हा अश्मावीने दोन दिवस जेवणसुद्धा कमी केलं.

*

बाळ लवकर आलं. त्याला लाकूड शांत व्हायची वाट बघायला कोणी सांगितलं नव्हतं.

मुलगी झाली. मुठी घट्ट मिटलेल्या, डोक्यावर ओल्या रेशमासारखे केस. वगदीने पट्ट्या बांधलेली दोन बोटं पुढे केली, आणि तिने त्यांतलं एक असं धरलं की आता हे परत मिळणार नाही. रीहाम थकून हसली. "तुझ्या हाताला भुशाचा वास येतो," ती म्हणाली. "ती ओळखते तो." नाव ठेवलं जुमाना.

सातव्याच्या आदल्या दिवशी सकाळी हंस आले. ट्रकमधून उतरवून पलंग गल्लीच्या मधोमध उभा केला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आतून मुकुट चकाकतोय. सासूबाई वर येऊन लेकीला बाळंतिणीच्या गरम मोगातचा वाडगा देऊन, नातीचे मुके घेऊन, जावयाकडे बघून नुसतं हसून गेल्या. ते हसू शब्दांपेक्षा वाईट होतं.

खोलीच्या कोपऱ्यात वगदीचा पलंग उभा होता. चौकट होती, तीही पक्क्या बिलाची. तिला चोवीस भोकं होती, त्यांत अकरा दांडे, कोणी उंच, कोणी बुटका, आणि बाकीची तोंडं उघडी. दात पडलेला म्हातारा हसतोय तसा दिसत होता तो.

अशा वेळी उस्ता मुतवल्ली चीजची बरणी घेऊन बाळ बघायला आला. वैर वैराच्या ठिकाणी, पण गल्लीत मूल झालं की जायचंच. त्याने बाळाला दुरून आशीर्वाद दिला, वळला, आणि त्याला पलंग दिसला.

तो जवळ गेला. वाकला. काकडी-वांग्याच्या दांड्यावरून त्याने बोट फिरवलं.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "तुम्ही खरंच पलंग करत होता?"

"मग काय करत होतो?"

मुतवल्लीने बोट मागे घेतलं. बोलली ती रीहाम, बाळाला थोपटत, अगदी शांतपणे. "उस्ता, तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं हो त्यांनी. लाकूड आठवडाभर शांत ठेवलं. मोटरला झोपवलं. मी पोरीलासुद्धा थांब म्हटलं होतं. ती काही थांबली नाही."

मुतवल्लीचे कान लाल झाले. मग मान. मग तो जमिनीवर मटकन बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं, हेरगिरीपासून तक्रारीपर्यंत.

वगदी ऐकत होता. अपमान, संताप, सगळं एकदम वर आलं, आणि त्या सगळ्याच्या गर्दीतून नेमका एकच प्रश्न बाहेर पडला.

"म्हणजे लाकूड शांत व्हायला आठवडा लागत नाही?"

"साहेब," मुतवल्ली कळवळून म्हणाला, "लाकूड मेलेलं असतं. आणखी किती शांत होणार?"

*

थोड्या वेळाने अख्खी गल्ली मुतवल्लीच्या दारात जमली. लाज सगळ्यांनाच वाटत होती. पण अश्मावीला लाजेपेक्षा उद्याची भीती जास्त होती.

"दांडे द्यायला कोण नाही म्हणतंय?" तो हात चोळत म्हणाला. "पण यांच्या डोळ्यांदेखत कातायचे? आणि उद्या तो साहेब विचारणार, किती वेळ लागला? हे खोटं बोलणार नाहीत. यांना जमतच नाही, तोंडावर दिसतं."

"मी सांगणार नाही," वगदी म्हणाला.

"विचारलं तर?"

वगदीने कपाळावरची पट्टी चाचपली. तीच तर अडचण होती. दांड्यांसारखीच आणखी एक गोष्ट त्याला आयुष्यात गोल करता आली नव्हती, ती म्हणजे खरं उत्तर.

"अरे मेल्यांनो!" वरून आवाज आला. हज्जा फिक्रिया बाल्कनीतून अर्ध्या बाहेर लोंबकळत होत्या. "पोरीला निजायला जागा नाही आणि तुम्ही टॅक्स मोजताय? त्याचं तोंड भिंतीकडे करा आणि लागा कामाला! जे बघितलंच नाही ते तो सांगणार कुठून?"

गल्लीने वर बघितलं. मग वगदीकडे बघितलं.

अशा रीतीने कर कचेरीतला एक कायम नोकर, एका मुलीचा बाप, मुतवल्लीच्या कारखान्यात शिक्षा झालेल्या शाळकरी पोरासारखा भिंतीला नाक लावून उभा राहिला. मागे पट्टे फिरायला लागले. आधी मुतवल्लीचा, मग अश्मावीचा, मग एकेक करत सगळ्या गल्लीचे. असा आवाज त्याने आपल्या गल्लीत इतक्या दिवसांत ऐकलाच नव्हता.

पण डोळे भिंतीकडे वळवता येतात, कानांना पापण्या नसतात. प्रत्येक दांडा झाला की खट् करून खाली पडत होता, आणि आकडेमोड हाच ज्याचा धंदा, त्याचं डोकं आपोआप मोजायला लागलं. वगदी घाबरला. लक्ष दुसरीकडे लावायला त्याने जे तोंडपाठ होतं ते मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. तोंडपाठ होती करकायद्याची कलमं.

"उत्पन्न लपवल्यास दंडाची आकारणी..."

"बंद करा ते!" अश्मावी किंचाळला. "माझा हात थरथरतोय! दोन दांडे फुकट गेले!"

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हणा! गाणं म्हणा!"

वगदीला एकच गाणं येत होतं. गेले सहा दिवस रीहाम बाळाला म्हणत होती ती अंगाई. त्याने ती म्हटली, बेसूर, भिंतीला तोंड लावून, लेथांच्या वर जाईल एवढ्या मोठ्याने. समोरच्या खिडकीत रीहाम बाळाला घेऊन उभी होती. तिला नवऱ्याची फक्त पाठ दिसत होती, भुशाने पांढरी झालेली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि बाळ त्या सगळ्या गोंगाटात गाढ झोपलेलं होतं.

हज्जाने टोपलीतून चहा सोडला. कोणीतरी पेला भिंतीशी नेऊन वगदीच्या हातात दिला, आणि चहा गार व्हायच्या आत मुतवल्ली म्हणाला, "वळा, साहेब."

दांडे एका रांगेत ठेवले होते. सगळे सारखे, गुळगुळीत, अजून ऊन ऊन.

रात्र व्हायच्या आत मुतवल्लीने जुने दांडे काढून ते चौकटीत बसवून दिले. एक भोक मात्र रीहामने अडवून धरलं. "इथे तो वांग्याचा बसवा."

"ताई, शोभा जाईल," मुतवल्ली म्हणाला.

"जाऊ दे. तो होत होता तेव्हा पोटात सगळ्यात जास्त लाथा मारल्या होत्या तिने."

*

सातव्याला घर माणसांनी फुललं. मीठ उधळलं, मेणबत्त्या लागल्या. इन्आमबाईंनी पितळी खल घेतला आणि नातीच्या कानाशी असा दणका दिला की खिडकीतली कबुतरं उडाली. "ऐक गं बाई, आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस!" हे म्हणताना सातव्याला सगळ्याच आज्या बापाकडे बघतात. त्या जरा जास्तच बघत होत्या.

मग बाळ चाळणीतून उचललं. इन्आमबाई वळल्या, आणि कोपऱ्यातला पलंग त्यांना दिसला. साधा, सरळ, चोवीस दांड्यांचा. त्यांनी कठडा हलवून बघितला. हलला नाही. एक दांडा जरा पोट सुटलेला होता, त्याच्याकडे त्यांनी संशयाने पाहिलं, पण बाळाला आत ठेवल्यावर तिने नेमकी त्याच्याच दिशेला मान वळवली.

"वा!" अबुल-वफासाहेब मुशब्बक नावाच्या जिलबीचा पाक मिशीवरून पुसत पुढे आले. "सुरेख! बोल वगदी, हे दांडे व्हायला किती वेळ लागला?"

मुतवल्लीच्या हातातला चहा तोंडापाशी थांबला. अश्मावीने डोळे मिटून घेतले. इन्आमबाईंचे कान तर आधीपासूनच टवकारलेले होते.

वगदीने घसा खाकरला. "खरं सांगू, साहेब? मला नाही सांगता येणार. दांडे होत होते तेव्हा माझं तोंड भिंतीकडे होतं."

"भिंतीकडे?"

"पूर्ण वेळ. हवं तर गल्लीत कोणालाही विचारा."

"अल्लाची शपथ!" मुतवल्ली, अश्मावी आणि त्यांच्या मागचे सगळे एका सुरात म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा टॅक्सवाल्यापुढे खरं बोलायला मिळालं, म्हणून त्यांना उमाळा आला होता. "आमच्या डोळ्यांनी बघितलं, साहेब! नाक भिंतीला! वर गाणंसुद्धा म्हणत होते!"

इन्आमबाईंनी आधी पलंगाकडे पाहिलं, मग जावयाकडे. "न बघता?" त्या म्हणाल्या. खल त्यांच्या हातातून आपोआप खाली आला. "एवढे दांडे? न बघता, गाणं म्हणत?"

वगदीने तोंड उघडलं. रीहामने त्याचा पाय दाबला. त्याने तोंड मिटलं.

"भिंतीकडे तोंड करून काम करणाऱ्याचा हिशोब कुठल्या नियमात बसवू मी?" अबुल-वफासाहेब कुरकुरले, आणि मुशब्बकचा आणखी एक तुकडा उचलत म्हणाले, "जाऊ दे. कातारी लोकांचं पुढच्या वर्षी बघू."

अश्मावीने त्या दिवशी दोन दिवसांचं जेवण एकदम केलं.

संध्याकाळी हंस ट्रकमध्ये चढले. इन्आमबाई भावाशेजारी पुढे बसल्या होत्या, आणि ट्रक वळेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. "तू तुझ्या कारागिरांचं मला सांगूच नकोस. माझा जावई न बघता काततो!"

बाल्कनीतल्या लेथवर आता जुमानाचे लंगोट वाळत असतात. त्याचा दांडा बरोबर त्या उंचीवर आहे, असं रीहाम म्हणते, आणि धुवायच्या यंत्रासाठी तिने पुन्हा भिशी लावली आहे. सकाळी वगदी कचेरीला निघतो तेव्हा गल्लीतला एकही लेथ थांबत नाही. सगळे घूं घूं फिरत असतात, दांडे खटाखट पडत असतात, मुतवल्ली आतून ओरडतो, "साहेब, पोरगी झोपली का नीट?" आणि वगदी मान वर करून, छपरावरच्या कबुतरांकडे बघत, अंगाई गुणगुणत गल्लीच्या टोकापर्यंत चालत जातो.